भल्या भावांचं पान

तैनान,
सातवा महिना, अष्टमी

चि. आ-युआन,

आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो काय आजचा आहे? दुकान सकाळी भरलेलं असतं. मुळ्याच्या वड्यांना अजून तीच चव आहे असं गिऱ्हाईकं म्हणतात. खरं म्हणतात की जास्तीच्या सॉससाठी, देव जाणे.

लिहितेय ते एका संशयापायी. तू केलेल्या पत्त्यांच्या खेळाची कुणीतरी चोरी करतंय.

फेई-चन नावाची पोरगी आहे, पलीकडच्या गल्लीतल्या शाळेत शिकवते. दर रविवारी मैत्रिणींना घेऊन येते, सोया दूध मागवते आणि कोपऱ्यातलं टेबल अडवून पत्ते मांडते. जादूगार, राक्षस, ड्रॅगन. चित्रं बघितली आणि ओळखलं, ही रेघ माझ्या पोराची. विचारलं, "कुठून आणलंस गं हे?" तर म्हणते, "मावशी, फुकट आहे. ज्याने केला त्यानेच सांगून ठेवलंय. कुणीही छापा, वाटा, हवा तसा बदला, फक्त माझं नाव राहू द्या." मी म्हटलं, फुकट? अगं, फुकट फक्त डास चावतात!

चोर पकडायचा तर खेळ यायला हवा, म्हणून शिकले. सुरुवातीला सगळ्यांच्या हातात सारखीच फडतूस पानं. त्यांच्या जोरावर मधली चांगली पानं मिळवायची, आपल्या गड्डीत मिसळायची, पिसायची, आणि वेळेला हातात येतात का बघत बसायचं. संसारच की! परवा जिंकले मी. फेई-चन म्हणते, मावशी लबाडी करते. करते थोडी.

आणि या महिन्यात तिने नवी गड्डी आणली. त्यात 'भूत' (लिहितेय फक्त, बोलत नाही) हे पानच नाही. त्या जागी 'भले भाऊ'.

सातव्या महिन्यात ते मोकळे फिरतात, म्हणून तो शब्द तोंडातून काढायचा नाही, भले भाऊ म्हणायचं, हे आजीने मला आणि मी तुला शिकवलं. पण तू कधी ऐकलंस? तुझ्या खेळात तो शब्द जिथे तिथे. तेव्हा हे काम तुझं नव्हेच, असं धरून मी पोरीला झापलं. "माझ्या मुलाचं पान बदलतेस? लाज नाही वाटत?"

तर ती हसायलाच लागली. "मावशी, मी नाही हो! तो शब्द ऐकला की तुम्ही झारा आपटता, एवढंच मी त्याला कळवलं. नवं पान त्याने स्वतः काढून पाठवलंय."

म्हणजे हेर आहे ही! तुझी! आणि मी तिला वड्यांवर वड्या वाढतेय!

तरी माझा विश्वास बसेना. कुणीही बदलू शकतं ना, मग हे पान तूच काढलंस कशावरून? चष्मा लावला आणि पान उजेडात धरलं. आपल्या दुकानाबाहेर मांडलेलं टेबल. भात, बिस्किटं, तोंड धुवायला घमेलं आणि टॉवेल. भोवती भले भाऊ दाटीवाटीने. आणि मागे, दाराच्या आत, अननस पोटाशी धरून हसणारा एक टकला माणूस.

भल्या भावांच्या टेबलावर अननस कोण ठेवतं रे? अननसाला आपण म्हणायचं 'ओंग-लाय', आणि त्यातल्या 'लाय'चा अर्थ 'ये'. ज्यांनी खाऊन गुमान निघून जायचं, त्यांनाच घरात ये म्हणायचं? अख्ख्या तैनानात ही चूक तुझ्या बाबांनीच केली असेल. मी ओरडले तसे अननस उचलून आत पळाले. ते आपल्या तिघांशिवाय कुणी पाहिलेलं नाही.

आ-युआन, ते गेले त्याच वर्षी तू त्या शब्दाच्या पानावर त्यांचा चेहरा काढलास. ज्यांना जेवू घालायला कुणी नाही, ते बाहेरच्या टेबलावर येतात. तुझ्या बाबांना मी आहे, तू आहेस. मी ते पान फाडलं, आजही फाडीन. तू म्हणालास, "आई, खेळ आहे हा," आणि बॅग उचललीस.

आता त्यांना आत घेतलंस. बघितलं मी. रडले नाही, कांदा चिरत होते.

पण एवढ्यावर मी फसणारी नाही. हे तुझ्या मनातलं की त्या पोरीने पढवलेलं, मला काय माहीत? समोर येऊन सांगशील तेव्हा खरं मानीन. आणि तिच्या तोंडून आणखी एक निसटलं. गेल्या वर्षी याच महिन्यात तू समोरच्या फुटपाथवर उभा राहून दुकान बघून गेलास म्हणे. घरचं माणूस असं बाहेरून बघून जातं?

पौर्णिमेला दाराबाहेर टेबल मांडीन. तिथलं पान भल्या भावांचं. तुझं आत, बाबांच्या तसबिरीसमोर वाढलेलं असेल.

तिथेच अननस आणून ठेवलाय. तू येईपर्यंत चिरणार नाही.

लाय.

तुझी आई