वॉर्ड आणि डायलिसिस कक्ष यांमधले दार उघडण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : मधल्या दाराची दोन्ही कुलपे काढून मिळण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज. उत्तर नाही.

महोदय,

माझी पत्नी आपल्या स्त्री वॉर्डात दाखल असून तिला एक दिवसाआड डायलिसिस लागते. डायलिसिस कक्ष वॉर्डाला लागूनच आहे, मध्ये फक्त एक दार. निधी नाही म्हणून रुग्णालयाने हा कक्ष खासगी कंपनीकडे सोपवला, तेव्हापासून दाराला इकडून रुग्णालयाचे आणि तिकडून कंपनीचे कुलूप आहे. यंत्रे तीच, तंत्रज्ञही तोच. त्याच्या शर्टावरचा बिल्ला तेवढा बदलला.

१. कंपनीला सरकारी पैसे मिळतात ते बाहेरून आलेल्या रुग्णामागे. म्हणून दर डायलिसिसला पत्नीला घरी सोडल्याचे दाखवतात आणि रुग्णवाहिकेत घालतात. गाडी फाटकाबाहेर पडते, इमारतीला वळसा घालते आणि मागच्या बाजूने तिला आत घेतात. परतताना तीच वरात उलटी.

२. घरी सोडलेल्या रुग्णाची खाट रिकामी धरली जाते. मागच्या वेळी आम्ही परतलो तर खाटेवर दुसरी बाई होती. तिचा दोष नाही. पत्नी संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात स्ट्रेचरवर होती. रक्तदाब उतरला होता.

३. वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या, "काका, आमचं कुलूप मी आत्ता काढते, पण आधी त्यांना काढू दे." कंपनीचे व्यवस्थापक म्हणाले, "आधी रुग्णालयाने काढावं. आणि आतून आलेला पेशंट आमच्या हिशेबात बसतच नाही हो." म्हणजे घोडे कुलपापाशी अडलेले नाही.

४. काल पत्नीने गाडीत बसायला साफ नकार दिला. "मेले तर खाटेवर मरेन, पण ती गाडी नको. दार उघडा, भिंत धरून चालत जाते मी." मी रागावलो, विनवले, मुलीला फोनवर बोलायला लावले. ती ऐकत नाही. कालचे डायलिसिस चुकले. आज पाय सुजले आहेत, बोलताना दम लागतो. उद्याचेही चुकले तर काही सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणतात.

तरी उद्या सकाळी आपण स्वतः वॉर्डात येऊन दोन्ही कुलपे काढवावीत. हिशेबासाठी कोणीतरी बाहेरून यायलाच हवे असेल, तर तिच्या जागी मी गाडीत आडवा होतो. वळसा घालून येईन, सांगाल तिथे सही करीन. तिला मात्र दारातून जाऊ द्या.

आपला, नम्रपणे वाट पाहणारा,
(सही)
स्त्री वॉर्डातील रुग्णाचा पती

दिनांक : डायलिसिस चुकल्याचा दुसरा दिवस
सोबत : डॉक्टरांच्या आजच्या टिपणाची प्रत