निरोप समारंभाचा शिरा

आई, आज तलासरीच्या आपल्या शाळेत गेले होते. बारावीच्या मुलींचा निरोप समारंभ होता आणि जुनी विद्यार्थिनी, आता नर्स झालेली, म्हणून मला चार शब्द बोलायला बोलावलं होतं. मुली पुढे येऊन आपण काय मिळवलं, पुढे काय करणार ते सांगत होत्या. माझं लक्ष मात्र सारखं स्वयंपाकघराच्या दाराकडे जात होतं.

तू तिथल्या वसतिगृहाची स्वयंपाकीण आणि मी तिथेच शिकायला. रानशेतच्या घरून मला आणलंस तेव्हाच बजावलंस, "इथं मी सगळ्या पोरींची मावशी. तूही मावशीच म्हण." एकदा जेवणाच्या रांगेत माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, अजून एक भाकरी." माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, "मागच्या पोरींना मिळू दे आधी." मी रुसले. संध्याकाळी भांडी आवरून मागच्या ओट्यावर माझी वेणी घालायला बसलीस आणि हळूच म्हणालीस, "आई नसलेल्या पोरी आहेत गं त्या रांगेत."

दोन हजार सोळा साली माझा निरोप समारंभ झाला. सराव परीक्षेत पहिली, जिल्ह्याच्या धावण्याच्या स्पर्धेत दुसरी, म्हणून सरांनी मलाच बोलायला उभं केलं. मी स्टेजवर आहे आणि तू दारात, हातात डाव, पदरानं कपाळ पुसतेयस. सर विचारतात, "पुढे काय करणार?" मी म्हणते, "नर्सिंगला जाणार. भाताची पेज सांडून माझ्या आईचा हात भाजला होता. तिला दवाखान्यात घेऊन जायचे, तेव्हा तिथल्या सिस्टरांनी मला पट्टी बांधायला शिकवलं." मग तुझ्याकडे बोट दाखवते. "ती माझी आई." लहान वर्गांतल्या मुलींना हे माहीतच नव्हतं. "मावशी तुझी आई?" एकीनं विचारलं, आणि सगळ्या मागे वळल्या तशी तू आत पळालीस. वाढताना पुटपुटलीस, "तुझ्यापायी शिरा करपला." आणि पहिल्यांदाच, सगळ्यांच्या देखत, माझ्या ताटात दुसरा डाव वाढलास.

नर्सिंगला निघाले त्या दिवशी डहाणूच्या बाजारातून आणलेलं घड्याळ हातात दिलंस. "नाडी बघायला सेकंदकाटा लागतो म्हणे." हे तू कुणाला कधी विचारलंस, ते मला कळलंच नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना तू गेलीस. साध्या तापाचं निमित्त झालं. दिवसकार्य उरकल्यावर तुझं सामान आणायला शाळेत गेले, तर मोठ्या बाई म्हणाल्या, "आईच्या जागेवर राहतेस का? राहायची सोय आहेच." धाकट्या भावाचं शिक्षण चालू होतं, बाबा थकलेले. नवीन बाई मिळाली नव्हती, म्हणून त्या दिवशी मीच वरण-भात केला, वालाची उसळ केली. एक लहानगी ताट पुढे करून लाजत म्हणाली, "ताई, अजून थोडा भात?" मी वाढला. खूप दिवसांनी मला बरं वाटलं.

संध्याकाळी बाबा मला शोधत आले. मी जागेचं सांगितलं. ते म्हणाले, "पोरगी नर्स होणार म्हणून सगळ्या पाड्याला सांगून गेलीय ती. तिला खोटं पाडू नको." दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पिशवी उचलून तेच स्टँडवर आले.

आता कासाजवळच्या एका दवाखान्यात आहे. बाळंतिणींचा वॉर्ड माझ्याकडे असतो. भाऊ शिकून कामाला लागला. बाबा बरे आहेत, वालाची उसळ खाताना तुझं नाव काढतात.

आज मुलींना सांगितलं, की मी मन घट्ट केलं आणि शिक्षण पुरं करायला परत गेले. टाळ्या झाल्या. हे पत्र कुणी वाचणार नाही, म्हणून तुला सांगते. स्टँडवर उभी असताना मी बाबांना म्हणणार होते, मला नाही जायचं, मी इथंच राहते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात बस आली.