ताईने शिवलेली ताडपत्री

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर पाहून दचकू नकोस, डाव्या हाताने लिहितो आहे. गेल्या आठवड्यात घराच्या पायरीवरून पाय घसरला आणि उजव्या खांद्यावर आपटलो. हाड शाबूत आहे, आतला स्नायू फाटला आहे. डॉक्टर म्हणतात, दोन महिने हात पट्टीत, आणि पुढे जड उचलायचं कायमचं बंद. त्यांचं काय जातं? त्यांना पेनापेक्षा जड काही उचलावं लागत नाही.

मालक भेटून गेले. ट्रक दुसऱ्याकडे देतो, बरा झालास की गेटवर बस आणि गाड्यांची ये-जा लिहून घे, म्हणाले. चांगुलपणानेच म्हणाले. पण सव्वीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाला कुणी खुर्ची दाखवली की ती बसण्याआधीच टोचते.

तू काळजी करू नकोस. कारखान्यात तंबूंचं काम जोरात असेल. नवा चष्मा केलास, की अजून सुई नाकाला लावूनच ओवतेस?

उत्तर सवडीने दे. माया आहे तशी राहू दे.

तुझा धाकटा

---

७ फेब्रुवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

ह्यांचं पत्र पेटीत टाकायला मीच नेलं आणि वाटेत वाचलं. वन्सं, आमच्या घराला पायरीच नाही. तुम्ही दोनदा येऊन गेलात, तुमच्या लक्षात आलंच असेल.

हे ट्रकवरून पडले. प्लायवूडचा माल होता, दीड पुरुष उंच रचलेला. वर चढून ताडपत्री उलगडत होते. वाऱ्याने तिची कड उचलली, ह्यांनी काही सोडली नाही, आणि तिच्यासकट खाली आले. नशीब, खाली माती होती.

ताडपत्री तुम्ही शिवलेली तीच. बाकीच्या ड्रायव्हरांनी केव्हाच हलक्या घेतल्या. मीही बोलून थकले. पण ह्यांचं एकच, की ताईने दुहेरी टाके घालून शिवून दिली, ती टाकायची कशी? आता तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बिचाऱ्यांनी घराला पायरी बांधली.

मी चुगली केली खरी. मला हवं तर रागवा, पण त्यांना लिहा. तुमच्याशिवाय ते कुणाचं ऐकत नाहीत. दिवसभर खिडकीत बसून येणारे-जाणारे ट्रक मोजतात.

आमच्यावरचा लोभ कमी करू नका.

तुमची वहिनी

---

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

घराला पायरी केलीस आणि मला कळवलंही नाहीस? वहिनीला एक शब्द बोलायचा नाही. तिने लिहिलं नसतं तर मी येऊन पायरी शोधली असती.

ती ताडपत्री शिवलेली मला चांगली आठवते. कारखान्यातलं सगळ्यात जाड कापड मी मागून घेतलं होतं. जाड ते भक्कम, एवढीच अक्कल तेव्हा. शिवून झाल्यावर दोन कारागिरांनी घडी उचलून टेम्पोत टाकली, आणि मी अभिमानाने बघत उभी राहिले. दोन माणसं लागली, आणि तू एकटा असतोस, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. चूक माझी आहे रे. वीस वर्षं तू ती पाठीवर वाहिलीस. एकदा तरी बोलायचं होतंस.

आता रडगाणं पुरे. सोबत कापडाचे तीन तुकडे पाठवते. पहिला छत्रीच्या कापडासारखा पातळ, पण विणीत जाड धाग्याचे चौकोन आहेत. दुसरा मधला, दोन्हीकडून लेप दिलेला. तिसरा तुझ्या जुन्यापेक्षा जेमतेम हलका. प्लायवूडच्या कोपऱ्यावर घास, वाऱ्यात बांधून ठेव, पाणी भरून टांग. एक डावा हात त्याला पुरे. आणि भाऊ म्हणून गोड बोलू नकोस, खडूस गिऱ्हाइकासारख्या खोड्या काढ. जुनीचं वजनही कळव.

मागच्या पानावर चित्र काढलं आहे. एका मोठ्या ताडपत्रीऐवजी दोन करायच्या, पुढची आणि मागची, मध्ये हातभर एकीवर एक. बघ पटतं का.

प्रकृती सांभाळ, हट्ट सोड, आठवण ठेव.

ताई

---

२८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जुनीचं वजन कोरडी असताना त्रेचाळीस किलो भरलं. काट्यावर ठेवायला दोघे लागले. भिजल्यावर किती होतं ते आता विचारू नकोस.

तुझे तुकडे घेऊन रोज गाड्यांच्या अड्ड्यावर जातो. चार ड्रायव्हर जमतात, आठ मतं देतात. पहिला उचलायला फूल, पण वाऱ्यात असा फडफडला की मालकांचा कुत्रा दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही. बंडल बांधायची पोलादी पट्टी असते, तिच्या क्लिपेने तर त्याला दोन मिनिटांत चिरलं. तिसरा काही झालं तरी फाटेना, पण मग माझी जुनी काय वाईट होती? दुसरा दहा-बारा दिवस उन्हावाऱ्यात टिकला, पाण्याचा थेंब सोडला नाही. चिरला फक्त क्लिपेवर आणि कोपऱ्यावर. तिथे अस्तर दे आणि दोरी ओवायच्या कड्या हातभर अंतराऐवजी वीतभर अंतरावर लाव. हलकं कापड जितकं ढिलं, तितकं लवकर मरतं.

आता खोड. तुझ्या चित्रात मागची ताडपत्री पुढचीच्या वर आहे. तशी बांधली तर गाडी धावताना वारा थेट फटीत शिरेल आणि दोन्ही घेऊन जाईल. आधी मागची घालायची, मग पुढची तिच्यावर. तंबू उभा असतो ताई, ट्रक पळतो.

हे लिहिताना लक्षात आलं, तुझे तुकडे आल्यापासून मी खिडकीत बसलेलोच नाही. चूक तुझी नव्हती. त्या ताडपत्रीखाली माझा माल एकदाही भिजला नाही, हेही लक्षात ठेव.

लोभ आहेच, त्याला गाठ पक्की मार.

तुझा धाकटा

---

१६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी खोड अख्ख्या कारखान्याला वाचून दाखवली. चाळीस वर्षं शिवणाऱ्या बाईला वारा कुठून येतो ते कळत नाही, म्हणून सगळे पोट धरून हसले. मीही.

दोन्ही ताडपत्र्या आजच रवाना केल्या. एकेक अकरा किलोची, या वेळी काट्यावर घालून. आमच्या कामावरच्या सगळ्यात किरकोळ मुलीला ती खांद्यावर घेऊन जिना चढायला लावला, ती गाणं म्हणत चढली. कोपऱ्यांना तिहेरी अस्तर आहे. क्लिपेवर ठेवायला छोट्या गाद्या वेगळ्या दिल्या आहेत, त्या विसरलास तर मला तोंड दाखवू नकोस.

पण तू स्वतः वर चढायचं नाहीस. डॉक्टर म्हणाले ते मी विसरलेले नाही. कोण चढणार ते ठरल्याशिवाय गाडी हलवू नकोस.

कुशल कळव, वहिनीला जप.

ताई

---

५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पट्टी निघाली. हात डोक्यापर्यंत जातो, त्याच्या वर नाही.

ट्रक परत माझ्याकडे द्यावा म्हणून काल मालकांसमोर ताडपत्री घालून दाखवायची होती. त्यांचं म्हणणं तुझंच, की वर चढणारा माणूस सोबत हवा, आणि त्यांच्याकडे जादा माणूस नाही. तेवढ्यात माझा डबा घेऊन आलेली तुझी वहिनी पुढे झाली. पदर खोचला, घडी खांद्यावर टाकली आणि शिडीवरून सरळ मालावर. मी खालून ओरडतोय की आधी मागची, आधी मागची, आणि ती वरून म्हणते की पत्रं मीच पोस्टात टाकली आहेत, मला पाठ आहे.

वीस मिनिटांत माल झाकून बांधला. मालकांनी चारही कोपरे ओढून पाहिले आणि तिलाच विचारलं, गाडीवर येणार का, पगार देईन. ती माझ्याकडे बघायलाही थांबली नाही, हो म्हणाली.

ताई, तिला रस्ता बघायची हौस होती हे मला सव्वीस वर्षांत कळलं नाही. कारण मी विचारलंच नव्हतं.

आशीर्वाद दोघांना दे.

तुझा धाकटा

---

१९ एप्रिल

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

हे पत्र ट्रकच्या केबिनमधून लिहिते आहे. गाडी उभी आहे, तरी अक्षर हलतं आहे. ते उत्साहाने समजा.

पहिली खेप पोचली. वाटेत घाटात अवकाळी वाऱ्यापावसाने असं झोडपलं की ह्यांनी तीनदा गाडी थांबवली. तिन्ही वेळा मी शिडी लावून पाहिलं. मधल्या जोडावर पाणी ओघळत होतं, आत एक थेंब नाही. एक गादी सरकली होती, ती नीट केली. गोदामातल्या माणसाने इथे प्रत्येक बंडलावर हात फिरवला, पावतीवर माल कोरडा असं लिहिलं आणि ताडपत्री कुठून आणली म्हणून विचारलं. ह्यांनी अशा ऐटीत तुमचा पत्ता दिला, जणू राजवाड्याचा.

वन्सं, घाट उतरताना ढगातून खाली अख्खं गाव दिसतं, आगपेट्या मांडल्यासारखं. हे एवढं रोज बघत होते आणि घरी येऊन फक्त डिझेलचे भाव सांगत होते! आता सारखं बोलतात. हे वळण बघ, ती नदी बघ. खांदा दुखतो का विचारलं, तर म्हणाले, कुठला?

परतीचा माल भरत आला आहे. हे खाली दोऱ्या सोडवत हाका मारत आहेत. मला वर चढायचं आहे, म्हणून इथेच थांबते.

तुमचा हात पाठीवर असू द्या.

तुमची वहिनी