तोंड उघडल्याशिवाय डोक्यात शिरत नाही

१२ फेब्रुवारी २००६, रविवार
बढतीच्या परीक्षेत दोनदा नापास. आता तिसरी संधी, शेवटची. २ एप्रिल. ह्यांनी भिंतीवर नवं वेळापत्रक चिकटवलं. हिरवं म्हणजे रजेचे नियम, लाल म्हणजे पेन्शन. सकाळी दोन तास वाचलं. संध्याकाळी ह्यांनी विचारलं तर पाटी कोरी.
"लक्षच नसतं तुझं."
लक्ष असतं हो! राहत नाही डोक्यात, त्याला काय करू?

२० फेब्रु.
प्रत्येक नियम दहा वेळा लिहून काढ, म्हणाले. काढला. अक्षर सुधारलं, बाकी काही नाही. प्रताप नगरातल्या क्लासला जाऊन बघितलं. सर सांगतात, आपण उतरवून घ्यायचं. जांभया नुसत्या.

१ मार्च
आमच्या ऑफिसातल्या शिपाई कमलाजी, मुलीचं लग्न आलंय. बडेबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, रजेचा अर्ज परत केला.
"मैडम, मतलब छुट्टी नहीं मिलेगी?"
किरकोळ रजेला अर्जित रजा जोडून मागितली होती. तशी जोडता येत नाही, सगळी अर्जितच मागा, म्हटलं.
"क्यों नहीं जुड़ती?"
तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा सांगताना मलाच कळलं! नवा अर्ज लिहून दिला, मंजूर.
घरी येऊन बघते तर अख्खा धडा पाठ, पुस्तक न उघडता. आनंद व्हायचा तर संतापच आला. बेचाळिसाव्या वर्षी कळतंय होय मला हे?

९ मार्च
जेवणाच्या सुट्टीत कमलाजी आणखी दोघींना घेऊन आल्या. त्यातल्या एकीने नवऱ्यामागे मिळणाऱ्या पेन्शनचं असं काही विचारलं की मला उत्तरच येईना. उद्या सांगते म्हटलं. घरी आल्या आल्या ते पान वाचलं. तिच्यासाठी वाचलं, म्हणून लक्षात राहिलं.

१९ मार्च, रविवार
वेळापत्रक काढून टाकलं. हे दुखावले.
"वर्षभर मी डोकं फोडतोय आणि तुला त्या कमलाजींकडून कळतं?"
"त्यांच्याकडून नाही हो. त्यांना सांगताना कळतं."
"मग मला सांग."
मी सांगायला लागले. दुसऱ्याच वाक्याला हे, "चूक!"
मी उठून कुकर लावला.

२ एप्रिल, रविवार
पेपर. प्रश्न ओळखीचे, पण मेलं उत्तर तोंडातून आल्याशिवाय हातात येईना. ओठ हलायला लागले.
"मैडम, बिना बोले लिखिए."
पर्यवेक्षकांनी दोनदा बजावलं. तिसऱ्यांदा उठवून भिंतीशी बसवलं. इतक्या माणसांत! शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. पास की नापास, काहीच अंदाज नाही.

२३ एप्रिल, रविवार
निकाल नाही. कमलाजी रोज विचारतात.
ह्यांच्या बँकेत सगळं कॉम्प्युटरवर चाललंय. आठवडाभर ट्रेनिंग झालं, तरी ह्यांना जमत नाही. आज दुपारी जेवण झाल्यावर ट्रेनिंगच्या कागदांचा जाडा गठ्ठा घेऊन बसले. थोड्या वेळाने गठ्ठा आपटला. मी काही म्हणणार होते, पण आवरलं.
"कसं केलं तर जमेल तुम्हाला?" एवढंच विचारलं.
गठ्ठा पुन्हा पुढे ओढला. मग म्हणाले, "माहीत नाही. तू बस जरा इथे शेजारी. फक्त बोलू नकोस."
बसलेय. पुटपुटत त्यांचं दुसरं पान चाललंय, आणि पहिलं त्यांनी चुकीचं वाचलंय. मी अजून तरी बोलले नाही.