कुंकू पडलेला बीकर

इंदिरानगर, नाशिक

प्रिय राखी,

आधी खाली बस. झाला गं बाई, तुझा स्फटिक झाला! चांगला बोराएवढा, आणि असा नितळ की पेपरावर ठेवला तर खालची जाहिरात वाचता येते. मी सोमनाथ सरांसमोर अक्षरशः नाचले. एरवी गंभीर असणाऱ्या आपल्या या गाइडांनाही हसू फुटलं, म्हणजे बघ.

स्फटिकासाठी तू जमवलेल्या त्या क्षाराच्या मिश्रणापायी तू काय कमी राबलीस? दर वेळी बीकरमध्ये दुधाळ खडे, आणि येणारेजाणारे विचारणार, तुरटी करता का गं पोरींनो? शेवटी माझ्या हातालाच यश नाही म्हणत पीएचडी अर्धवट टाकलीस आणि इगतपुरीला जाऊन शिकवण्या घेत बसलीस. अस्सा राग आला होता मला! मिश्रण बरोबर होतं हे मला ठाऊक होतं, पण दाखवायचं कसं? म्हणून तुझंच काम पुढे रेटलं.

आता हसू नकोस. खंडेनवमीला सरांनी नेहमीसारखी प्रयोगशाळेत पूजा केली. तराजूला हळदकुंकू, भट्टीला झेंडूची माळ, आणि बीकरवरच्या भोकं पाडलेल्या कागदावर कुंकवाची ही भलीमोठी चिमूट! ते थेट आत. द्रावण गुलाबी आणि मी लालबुंद. सर बिचारे मान खाली घालून उभे. एवढा माल फेकवेना, म्हणून सगळं पुन्हा विरघळवलं, गाळलं, खडे पाडले, परत विरघळवलं. रंगाचा मागमूस जाईपर्यंत तेच. मग त्यातलाच एक इवला खडा दोऱ्याला बांधून द्रावणात सोडला आणि कपाटाला कुलूप घातलं. अगं, कुंकवाबरोबर सगळा मळच निघून गेला! आपण क्षार इतका शुद्ध कधी केलाच नव्हता. तुझ्या हाताला काही झालेलं नाही, कळलं?

खरी परीक्षा बंगळुरूला होती: आपला स्फटिक लेझरच्या उजेडाचा रंग बदलतो का? लेझरखाली ठेवायला एक छोटा स्फटिक खलात कुटावा लागतो. माझा हात उठेना, शेवटी सरांनीच कुटला. डोळ्यांना न दिसणारा तो लेझर भुकटीवर पडला आणि तिच्यातून हिरवागार उजेड! तुलनेला नेहमी जो स्फटिक घेतात, त्याच्या दुप्पट! तिथल्या अनोळखी पोरांसमोर मी मनसोक्त रडले.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारीत पुण्याला परिषद आहे. कोण बोलणार, असं सरांनी विचारलं आणि मी तुझं नाव देऊन टाकलं. तुझी पीएचडीची मुदत सरांनी वाढवून घेतलीय. तुझ्या प्रफुल्लरावांनाही विचारलं. बाळाला मी बघतो, तुम्ही फक्त तिला तयार करा, म्हणाले. फोनवर तू नाही म्हणून मोकळी होतेस, म्हणून हे पत्र. सोमवारी ये, स्फटिक हातात घे आणि मग नाही म्हणून दाखव.

तुझीच, भांडायला तयार,
तेजस्विनी