बटन करपल

प्रिय बेडके,

फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, तेवढं कळतं, पण पुढे शुकशुकाट. बरं बाई. रुसण्यात तू माझ्यापेक्षा चिवट, हे मला तू रांगत होतीस तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणून शेवटी कागद काढला. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं मोठं आलंय आणि ओळी उताराला लागल्यात, त्यावर हसू नकोस. आणि लगेच शेवटचं पान उलटायची तुझी खोड आहे ना, ती या खेपेला आवर. ओळीने वाच.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे. दुकान चाललंय. चष्म्याचे बारीक स्क्रू हल्ली मी गिऱ्हाइकांकडूनच पिळून घेतो, लोकांना त्याची मजा वाटते. स्कूटर शेडमध्ये झाकून ठेवलीय, जाऊन-येऊन पायी करतो. पोट उतरेल म्हणून आई खूश आहे. तिला तसंच वाटू देतो.

त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, चष्मेवाल्याला विचारलं लेझर करू का, तर तो काय हो म्हणणार? धंदा बुडतो ना त्याचा! लागलं गं मला. जेवलो नाही, आईला सांगितलं पोट बिघडलंय. पण मग वाटलं, तुझं तरी काय चुकलं? दाढी वाढवू का म्हणून कुणी न्हाव्याला विचारत नाही. तेव्हा आज आधी तुझ्या बाजूने बोलतो, म्हणजे दादा एकतर्फी बोलतो असं म्हणायला जागा नको.

तुझं काम पाण्यात, पोरांना पोहायला शिकवायचं. चष्मा काढला की तलावाच्या पलीकडच्या टोकाची पोरं तुला नुसते रंगीत ठिपके. मी नंबरचे गॉगल करून दिले, ते आतून धुरकटतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरू नकोस म्हणून मीच डोळे वटारले, कारण पाण्यातले जंतू लेन्सखाली जाऊन बसले तर डोळ्याचा घास घेतात. मग राहिलं काय? आणि ती निळ्या टोपीतली पोर. खोल पाण्याच्या बाजूला ती गटांगळ्या खात होती आणि तुला वाटलं, तरंगायची फळी आहे. दुसऱ्या कुणीतरी उडी मारली म्हणून ती वाचली. रात्री फोनवर तू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, "दादा, मला ती दिसलीच नाही रे." मी ते विसरलेलो नाही. त्या एका वाक्यासाठी मी स्वतः तुला हाताला धरून लेझरच्या टेबलावर नेऊन झोपवलं असतं. आपली ती बेकरीवाली आठवते ना? भट्टीचं दार उघडलं की चष्मा वाफेने आंधळा व्हायचा तिचा. तिने केलं, आणि रिकामी चष्म्याची डबी मला परत द्यायला आली. म्हणाली, "घ्या, आता तुमचं तोंड बघायची गरज नाही." दोघंही हसलो. माझी कितीतरी गिऱ्हाइकं अशी गेली आणि मला त्यांचं बरंच वाटलं.

धोक्यांचं म्हणशील तर डोळे कोरडे पडतात, काही महिने थेंब घालत बसावं लागतं. संध्याकाळच्या दिव्यांभोवती कुणाकुणाला खळं दिसतं. क्वचित नंबर थोडा परत येतो. आणि चाळिशी काही लेझरला घाबरत नाही, ती वेळेवर येऊन नाकावर बसतेच. हे सगळं तुझ्या डॉक्टरीणबाईंनी तुला समजावलंय आणि तू त्याला तयार आहेस. मीही तयार होतो. फोनवर मी कोरड्या डोळ्यांपासून सुरुवात केली ती माझ्या पाल्हाळाच्या सवयीने. खरं बोलायचं होतं ते दुसरंच, आणि तिथे पोचायच्या आत तू फोन आपटलास.

बुबुळावर जी पारदर्शक काच असते, कॉर्निया, तिला बाबा घड्याळाची काच म्हणायचे. लेझर काय करतो, तर ती काच हव्या त्या जागी झिजवून तिचा आकार बदलतो. काच चांगली जाड आणि घट्ट असेल तर तिला त्याचं काही वाटत नाही. पण मुळातच कच्ची असेल आणि वरून आणखी पातळ केली, तर डोळ्याच्या आतल्या दाबाने ती पुढे फुगत जाते, शंकूसारखी. मग समोरचं माणूस चष्म्यातूनही फाटकं, दुहेरी दिसतं. गेलेला आकार मागे येत नाही. तुझ्या काचेचा नकाशा काढला तेव्हा खालच्या बाजूला लालसर डाग दिसला, हे तूच मला हसत हसत सांगितलंस. बाई म्हणाल्या, जरा सीमेवर आहे. त्यांच्या मशीनवर नंबरही वाढलेला निघाला, तेव्हा तू म्हणालीस, दादा, तुझं मशीन म्हातारं झालंय. मग बाईंनी दोन गोष्टी विचारल्या. नंबर दोन वर्षं स्थिर आहे का, आणि घरात कुणाला कॉर्नियाचा आजार आहे का. पहिलीला तू माझी शिक्क्याची चिठ्ठी दाखवलीस. दुसरीला नाही म्हणालीस. त्या दोन उत्तरांवर बाईंनी लेझरसाठी गुरुवार ठरवला.

आता दुकानातल्या नंबर तपासायच्या तक्त्याचं सांगतो. बाबांनी स्वतः रंगवलेला, पांढऱ्या पत्र्यावर काळी अक्षरं. काना-मात्रा दिल्या नव्हत्या, गिऱ्हाइकाला शब्द कळला की तो अंदाजाने वाचतो म्हणून. त्याच्याखाली बसून आपण गृहपाठ केला. सगळ्यात तळाची, मुंगीएवढी ओळ होती ब ट न क र प ल. तू वाचायला शिकलीस आणि ती जोडून म्हणालीस, बटन करपल! बाबा हसून हसून खुर्चीवरून घसरले. मग घरात तेच झालं. दूध उतू गेलं, बटन करपल. तू गणितात गचकलीस, बटन करपल. आईने माझा पांढरा शर्ट लाल कपड्यांबरोबर धुतला, बटन करपल. आणि बाबांच्या वेळी दवाखान्याच्या जिन्यात तू खाली आलीस, माझ्याकडे बघून तेवढंच म्हणालीस, आणि मला सगळं कळलं.

दर वर्षी तू येतेस, खुर्चीत बसतेस, मी जुनाच नंबर लावतो आणि म्हणतो, वाच गं ढापणे. वरची मोठी अक्षरं तू कधी वाचलीस? थेट तळाला जातेस, घडाघड म्हणतेस, उतरतेस. घरचं माणूस, त्याला मशीनवर कोण बसवतंय! चहा गार होत असतो. नंबर तोच.

मागच्या महिन्यात मी तो पत्रा उतरवला. रंगाचे पोपडे निघत होते. त्याच जागी नवा बोर्ड लावला, मागून उजेडाचा, अक्षरं सगळी वेगळी. तू चिठ्ठी न्यायला आलीस तेव्हा मी मुद्दाम काही बोललो नाही, म्हटलं बघू हिला कळतंय का. "उजेड मस्त आहे रे," म्हणालीस. बसलीस. समोर बघितलंस. आणि ठणठणीत आवाजात वाचलंस, ब ट न क र प ल.

मला वाटलं, थट्टा करतेयस. मी पोट धरून हसलो. तू हसली नाहीस. खुर्चीतून उतरताना दोन्ही मुठींनी खसाखसा डोळे चोळलेस, बाबा चोळायचे तसे, आणि विचारलंस, "बरोबर ना?" मी हो म्हटलं आणि शिक्का मारून टाकला. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने तीच तळाची ओळ वाचली, द ह स ण ग च थ, आणि मला तुझं वाचणं आठवलं. तू खोटं बोलत नव्हतीस, बेडके. तुला ती अक्षरं तिथे खरोखर दिसली. किती वर्षं तू डोळ्यांनी वाचलंच नाहीयेस, मला माहीत नाही. माझ्या चिठ्ठीतला तो स्थिर नंबर तुझ्या पाठांतराचा आहे.

मग मला बाबांचा डावा डोळा आठवायला लागला. दुकानभर भिंगं, पण त्या डोळ्याला एकही बसत नव्हतं. लहानपणी चेंडू लागला होता, असं आपल्याला सांगितलेलं. मी आईला सहज विचारल्यासारखं केलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "कसला चेंडू? आमच्या लग्नात दोन्ही डोळे चांगले होते त्यांचे." ती सांगत राहिली. हळूहळू होत गेलं, म्हणाली. एका दिव्याचे तीन दिवे दिसायचे त्यांना. पण चष्मेवाल्याचाच डोळा अधू म्हटल्यावर दुकानाची पायरी कोण चढणार? म्हणून त्यांनी चेंडू काढला, आणि इतक्यांदा सांगितला की तिलाही तो पडताना दिसायला लागला होता. आणि ते डोळे चोळणं! आपण कौतुक करायचो ना त्याचं, सगळे एकाच मुशीतले म्हणून. मी चोळतो, तू चोळतेस. अगं, काच कच्ची असेल तर चोळून चोळून ती आणखी पुढे येते. हे मला धंद्यात माहीत होतं. घरात नव्हतं.

परवा मी मोठ्या नेत्र रुग्णालयात जाऊन आलो. हनुवटी त्या मशीनवर टेकवली आणि माझा नकाशा निघाला. डावा डोळा मधोमध लालभडक, उजवीकडे सुरुवात. केरॅटोकोनस म्हणाले, तोच शंकू. स्क्रू का दिसत नाहीत, अक्षर का मोठं आलंय, स्कूटर का झाकलीय, ते आता तुला कळलं असेल. मी त्याला थकवा म्हणत होतो. औषध घालून, प्रकाश सोडून ते आहे तिथे थांबवता येतं म्हणाले, मागे नेता येत नाही. मी अजून थांबवण्यासारखा आहे. तू तर नक्कीच असशील, जर त्या काचेला कुणी लेझर लावला नाही तर. डॉक्टरांनी शेवटी विचारलं, "भावंडं आहेत?" मी म्हटलं, एक आहे, धाकटी. त्यानंतर ते काय बोलले ते मला ऐकूच आलं नाही. तुझ्या दवाखान्यात फोन केला, तर पेशंटशिवाय कुणाशी बोलत नाही म्हणून त्यांनी ठेवून दिला. म्हणून हे पत्र. तुला पटलं नाही तरी चालेल, आयुष्यभर अबोला धर, पण हे कागद बाईंच्या हातात दे. त्यांना सांग, भावाची चिठ्ठी चुकीची आहे, तो ती परत घेतोय. आणि घरात कुणाला आहे का, या प्रश्नाला आता नाही म्हणू नकोस. दोघांना आहे. तिसरी तू असू नयेस म्हणून मी हात जोडतोय. पाकिटात एक घडी घातलेला कागद वेगळा आहे. तो उघडताना बघू नकोस. समोरच्या भिंतीला टाच, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा, चष्मा असू दे, आधी एक डोळा झाक, मग दुसरा. बाबांसारखीच एक ओळ काढलीय, काना-मात्रा न देता, पण ती त्यांच्या तक्त्यातली नाही. तुला ती पाठ नाही. वाचता आली तर मला शिव्या घालायला फोन कर. नाही आली तर, बेडके, बटन करपल, आणि तरीही फोन कर.

तुझाच,
ढापण्या दादा

ज ऊ न क स