कालव्याकडे ओढणारी गाडी

१ मार्च, शुक्रवार
आलो एकदाचा! नाखोन सावनहून व्हॅनने दीड तास, तोही शेजारच्या आजीबाईंची फणसाची पिशवी मांडीवर घेऊन. स्टँडवर सुकितदादा स्वतः आला होता. बारा वर्षांपूर्वी याच माणसाने मला पाना कसा धरायचा ते शिकवलं आणि चुकलं की त्याच पान्याची मूठ बोटांवर मारली. आज मात्र माझा दंड धरून अख्ख्या बाजाराला सांगत सुटला होता, "हा कांचित. माझा भागीदार!" लाजही वाटली, बरंही वाटलं.

गॅरेज कालव्याच्या रस्त्यावर आहे. पत्र्याचं छप्पर, दोन गाड्या मावतील एवढी जागा, आणि चाकांची अलाइनमेंट बघायचं कोरं करकरीत यंत्र. मागे माझी खोली. समोर सायबुआ मावशीची नूडल्सची गाडी, म्हणजे पोटाची चिंता मिटली.

आणि भेट! एक पांढरी पिकअप. दादाने कागदपत्रं आधीच माझ्या नावावर करून ठेवलीत. म्हणाला, एकच खोड आहे, जरा डावीकडे ओढते. त्याला कारण सापडत नाही म्हणे. "म्हातारा झालो रे. तुझा हात माझ्यापेक्षा हलका." गुरूने असं म्हटल्यावर अंगावर मूठभर मांस चढणारच.

२ मार्च, शनिवार
आजचा दिवस मुहूर्ताचा. आम्ही दोघंही शनिवारी जन्मलेले. गेल्या महिन्यात फोनवर दादाने माझा जन्मवार दोनदा विचारला होता. "लग्न जमवतोयस काय माझं?" म्हणून मी चेष्टाही केली होती.

गाडीला हात लावण्याआधी तिच्या देवीची, मे यानांगची, परवानगी घेतल्याशिवाय आमच्यात कोणी बॉनेट उघडत नाही. दादाने झेंडूचा हार आणला होता. मी तो आरशाला बांधला, हात जोडले, नाव सांगितलं. मग तो म्हणाला, मालक बदललाय हे तिला कळायला हवं, तेव्हा म्हण, "आजपासून सुकितच्या जागी मी." म्हटलं. त्याने पुन्हा म्हणायला लावलं, जरा मोठ्याने. माझं म्हणून होईपर्यंत तो दारात उभा होता, आत आला नाही.

नंतर त्याने चिकट भात आणि भाजलेली कोंबडी मागवली. खूप हसला. असा हसताना मी त्याला कधी पाहिला नव्हता.

४ मार्च, सोमवार
कामाला लागलो. आधी साध्या गोष्टी, कारण शहाणा मिस्त्री मोठा खर्च सुचवण्याआधी हवा तपासतो. चारही टायरमधली हवा बरोबर. पुढचे टायर एकमेकांच्या जागी बसवले. टायरचा दोष असता तर ओढ उजवीकडे गेली असती. ती होती तिथेच राहिली. चाकांचे कोन यंत्रावर पाहिले, सुतात. चाकं उचलून हाताने फिरवली, दोन्ही मोकळी. चेसिसची कर्णमापं घेतली, केसाचाही फरक नाही.

मग दादाचीच जुनी परीक्षा. सरळ रस्त्यावर साठच्या वेगाने स्टेअरिंग सोडायचं आणि सात आकडे मोजायचे. "हात सोड, गाडी खरं बोलते," हे त्याचं वाक्य मी निदान हजार वेळा ऐकलंय. चारपर्यंत गाडी सरळ होती. पाचला अशी वळली, जशी ओळखीच्याने हाक मारल्यावर माणसाची मान वळते. बाजूला कालवा. मी स्टेअरिंग धरलं.

आपले रस्ते डावीकडे उतरते असतात, थोडी ओढ त्याचीही असेल. उद्या बघू.

५ मार्च, मंगळवार
एक विचित्र गोष्ट झाली. लिहून ठेवतो, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.

जाताना कालवा डाव्या हाताला, गाडी डावीकडे ओढली. परत येताना कालवा उजवीकडे. हात सोडले, पाचला गाडी उजवीकडे गेली. समोरच्या लेनमधून थेट पाण्याच्या दिशेने.

असं होऊ शकत नाही. गाडीचा दोष गाडीबरोबर फिरतो. डावा ब्रेक धरत असेल तर तो डावीकडेच ओढणार, तुम्ही कुठेही तोंड करा. ही गाडी मात्र बाजू बदलते. सहा वेळा गेलो-आलो, सहाही वेळा तेच, तेही चौदाव्या किलोमीटरच्या दगडाजवळ.

दादाला सांगितलं तर म्हणाला, उन्हात जास्त फिरलास. पण बोलताना माझ्याकडे बघेना. चल, शेजारी बसून बघ म्हटलं, तर पाठ दुखते म्हणाला. मी आल्यापासून तो या गाडीत एकदाही बसलेला नाही.

७ मार्च, गुरुवार
सकाळी सीट काढल्या. गालिच्याखाली वाळलेला गाळ, त्यात शेवाळ. गाडी पाण्यात होती. पुराच्या नव्हे, कालव्याच्या.

मग पुढची चाकं उतरवली. उजव्या ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकती आवळणारा चिमटा, जुना, गंजलेला. डावा कोरा. दोन्ही एकदम बदलायचे, हे मला दादानेच शिकवलंय. म्हणजे कधीतरी डावा अडकून बसत होता आणि कोणीतरी घाईने तेवढाच बदलला. मागच्या फळीवर जुना सापडला. दट्ट्या आत गच्च रुतलेला.

हा खरा दोष होता. पण तो तर दुरुस्त झालाय. मग आता गाडी ओढतंय कोण?

दुपारी बारा वाजता पिकअप यंत्रावर होती, पुढची चाकं फिरत्या तबकड्यांवर मोकळी. इंजिन बंद, आत कोणी नाही. मी वळून पाना उचलला, परत पाहिलं तर दोन्ही चाकं वळलेली. सरळ केली. पुन्हा वळली, सावकाश. मागच्या भिंतीच्या दिशेने. त्या भिंतीपलीकडे, शेतांच्या पार, चौदाव्या किलोमीटरचा दगड आहे.

मला भीती वाटतेय. लिहायला लाज नाही.

८ मार्च, शुक्रवार
सायबुआ मावशीला विचारलं. ती आधी नूडल्स हलवत राहिली. मग म्हणाली, "तू त्याचा भागीदार. मला वाटलं, तुला ठाऊक असेल बाबा."

माझ्या आधी इथे मंथोन नावाचा मिस्त्री होता. पंधरा दिवस सांगत होता, डावा ब्रेक धरतोय. दादा म्हणायचा, पुढच्या आठवड्यात बघू. गेल्या पावसाळ्यात मंथोन चालवत होता, दादा शेजारी. चौदाव्या दगडापाशी गाडी कालव्यात गेली. दादा खिडकीतून बाहेर आला. मंथोनने त्याचा शर्ट धरला होता. दादाने एकेक बोट सोडवलं. काठावरच्या गवत कापणाऱ्यांनी ते पाहिलं. मग दादाने पोलिसांना सांगितलं, रस्ता ओला होता.

तेव्हापासून दादा ज्या गाडीत बसेल, ती कालव्याकडे ओढते.

तडक आत जाऊन विचारलं. त्याने नाकारलंसुद्धा नाही. भात वाढता वाढता बोलत होता. मांत्रिक म्हणाला होता, मंथोन तुलाच नेणार. नाहीतर तुझ्याच जन्मवाराचा माणूस दे. पण तुझी जागा घेतो, हे त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं.

मी म्हणालो, मीच का? बारा वर्षं तुला बापाच्या जागी मानलं.

तो म्हणाला, "मला बायको आहे, दोन मुली आहेत. तुझ्यामागं रडायला कोण आहे, सांग बरं?"

आणि माझ्या पानात कोंबडीचा चांगला तुकडा वाढला.

मला राग यायला हवा होता. आला नाही. फक्त एवढंच आठवत राहिलं, की स्टँडवर याने माझा दंड किती घट्ट धरला होता.

९ मार्च, शनिवार, सकाळी ९
निघालो. पिकअपची किल्ली टेबलावर ठेवली. आरशावरचा हार तोडून टाकला. व्हॅन मिळाली. तेरा माणसं. सगळ्यांत मागे बसलोय. गाडी ती नाही, ड्रायव्हर अनोळखी. आता सुटलो.

९.२०
ड्रायव्हर पुटपुटतोय. सकाळीच तर हवा भरली, आणि आता ही डावीकडे का जातेय —

शेजारच्या बाईंच्या मांडीवर लेकरू झोपलंय.

पिकअपमध्ये काही नव्हतं. म्हणजे आता माझ्यात —

९.३५
ओरडून थांबवली. पुढचं चाक गवतात गेलं होतं. मी उतरलो. ड्रायव्हरने शिवी दिली. देऊ दे. ते लेकरू तरी पोचेल.

दगड बारावा. चालत जाईन. उलट्या दिशेने, कालव्यापासून लांब, शेतांतून. लख्ख ऊन आहे.

१०.१५
बांधाबांधाने सरळ चाललो. नारळाचं एक झाड समोर धरून. मान वळवली नाही. तरी दगड तेरावा —

डाव्या पायातली चप्पल एका बाजूने झिजलीय. काल धड होती.

१०.४०
लिहितानासुद्धा ओळी खाली घसरतायत. वही आडवी धरली. तरी त्याच बाजूला —

मोठ्याने म्हटलं, मंथोनभाऊ, ती जागा माझी नाही. मी फक्त शब्द बोललो. मला माहीत नव्हतं. तुझ्या ब्रेकचं काम मी नाही टाळलं, तुझी बोटं मी नाही —

पाणी हललं नाही.

११
चौदावा. काठावर बसलोय. दगडाला दोन्ही हातांनी धरलंय, एक सोडून लिहितोय. शर्ट मागून ताणला जातोय. पाठीवर धरणाऱ्याची बोटं मोजता येतायत —

पिकअप येतेय. पांढरी. दादा आहे! दादा आला. स्वतः चालवतोय. मला न्यायलाच —

थांबत नाहीये.

माझ्याकडे बघतोय. त्याने हात जोडले. दोन्ही हात. चितेपुढे जोडतो तसे. स्टेअरिंग मोकळं —

एक. दोन. तीन. चार.

पाच.

सहा. सात. गाडी माझ्यासमोरून रस्त्याने सरळ पुढे जातेय. अगदी सरळ, दादा, एक सूतही —